सिल्व्हर रिव्हर: या पाण्यात कोण उतरू शकतं?

हेडफोन लावलेत ना? सुरुवातीला जो आवाज ऐकू येतोय, तो मी मुद्दाम ठेवलाय. (टप… टप… वल्ह्यावरून पाणी गळतंय.) हे रेकॉर्डिंग केलं तेव्हा बाहेर ३ अंश सेल्सिअस होतं, माझी बोटं मोबाइलची स्क्रीन ओळखत नव्हती, आणि मी एका प्लॅस्टिकच्या कयाकमध्ये बसून वाफाळणाऱ्या नदीवर तरंगत होतो. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून काढलाय. थोडा साफसूफ केलाय, पण बोलणं तसंच ठेवलंय.

तर झालं असं, की या जानेवारीत मी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे अमेरिकेत, फ्लोरिडामधल्या ऑर्लँडोला होतो. माझा चुलत भाऊ आणि वहिनी तिथेच राहतात. एका शुक्रवारी रात्री दादाचा फोन. "उद्या थंडीची लाट येतेय. पहाटे पाचला तयार राहा, मॅनेटी बघायला जायचंय." मी म्हटलं, "दादा, थंडीची लाट येतेय तर घरात बसू ना." तर म्हणतो, "अरे वेड्या, थंडी आहे म्हणूनच!"

मॅनेटी म्हणजे समुद्रगाय. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ डुगाँग असतो, त्याची ही नातेवाईक. १० फुटांपर्यंत लांब, वजन ४०० ते ५०० किलो, आणि दिवसभर काम एकच, गवत खायचं. दिसायला गुबगुबीत, पण त्या आकारावर जाऊ नका. तिच्या अंगात ऊब धरून ठेवण्याची ताकद फार कमी. पाणी २० अंशांच्या खाली गेलं आणि बरेच दिवस तसंच राहिलं, तर ती आजारी पडते, मरतेसुद्धा. म्हणून थंडी पडली की फ्लोरिडातल्या मॅनेटी समुद्रातून, मोठ्या नद्यांतून झऱ्यांकडे येतात.

झऱ्यांकडेच का? हे कळायला आजोळची विहीर आठवा. हिवाळ्यात पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि मे महिन्यात तेच गार लागतं. पाणी तेच असतं, बदलते बाहेरची हवा. जमिनीखालचं पाणी साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला असतं. फ्लोरिडाच्या पोटात चुनखडीचा प्रचंड थर आहे. शाळेतल्या पुसायच्या स्पंजसारखा, भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यात मुरतं, वर्षानुवर्षं फिरतं, आणि कुठेतरी भोक मोठं सापडलं की उफाळून वर येतं. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा, त्यामुळे आपली नदी पावसाच्या जिवावर. जुलैमध्ये पूर, एप्रिलमध्ये गोटे. तिकडे मात्र जमिनीतून अख्खी नदीच्या नदी बाहेर पडते, वर्षाचे बारा महिने, २२-२३ अंशांना. वज्रेश्वरीसारखी गरम कुंडं नाहीत ही. फक्त न बदलणारं पाणी.

अशीच एक नदी म्हणजे सिल्व्हर रिव्हर. ओकाला शहराच्या शेजारी सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचा झऱ्यांचा समूह आहे, तिथून ती निघते आणि सुमारे ८ किलोमीटर वाहून ओक्लावाहा नदीला मिळते. बस, एवढीच नदी. सकाळी उगमावर कयाक टाका, दुपारी संगमावर बाहेर पडा. एखाद्या नदीचं अख्खं आयुष्य अर्ध्या दिवसात बघून होतं.

पण किनाऱ्यावर कयाक घेताना तिथल्या माणसाने दादाचा पहिला फुगा फोडला. "मॅनेटी? दिसली तर तुमचं नशीब. इथे अगदी मोजक्या येतात. मॅनेटी बघायच्या तर क्रिस्टल रिव्हरला जायचं होतं." आता बघा, पाणी उबदार आहे, खायला गवत आहे, वर जायला नदी आहे, मग मॅनेटी का येत नाहीत? मी इंजिनिअर माणूस, सगळं जागेवर असताना आउटपुट येत नसेल तर डोक्यात किडा वळवळायला लागतो. त्या किड्यापायी हा एपिसोड झाला.

उगमापाशी कयाक ढकलली तेव्हा आधी काही दिसेचना. गार हवेत कोमट पाणी, त्यामुळे सगळ्या नदीवर वाफ. मग सूर्य सायप्रसच्या झाडांच्या वर आला आणि खालचं दिसायला लागलं. मंडळी, मी खरंच कयाकची कड घट्ट धरली. पाणी इतकं नितळ, की आपण पाण्यावर नाही तर हवेत तरंगतोय असं वाटतं. खाली पांढरी वाळू, तिच्यात झऱ्याच्या तोंडाशी पाण्याचा उमाळा, लांब हिरवं गवत एकाच दिशेला विंचरल्यासारखं, आणि त्यातून जाणारा सुसरीसारख्या तोंडाचा गार मासा. थोडं पुढे तर तळाशी चक्क ग्रीक पुतळे उभे! १९६० च्या दशकात 'आय स्पाय' नावाच्या टीव्ही मालिकेचं शूटिंग झालं, तेव्हाचे ते तिथेच राहिलेत.

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की ही नदी दिसते तेवढी 'जंगली' नाहीये.

हे पाणी बघायला लोक दीडशे वर्षांपासून येतात. अमेरिकेचं यादवी युद्ध संपल्यावर ओक्लावाहा नदीतून छोट्या वाफेच्या बोटी पर्यटकांना घेऊन इथवर यायच्या. रात्रीचा प्रवास असेल तर बोटीच्या छपरावर लोखंडी परातीत पाइनची लाकडं पेटवायचे आणि त्या उजेडात दोन्ही बाजूंचं जंगल बघत जायचे. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो १८७३ मध्ये याच वाटेने आली होती. त्याच दशकात इथे कुणाच्या तरी डोक्यात कल्पना आली, की होडीच्या तळाला भोक पाडून काच बसवली तर? श्रेय बहुतेक वेळा हुलम जोन्स या माणसाला देतात. ही 'काचेच्या तळाची बोट' पुढे सिल्व्हर स्प्रिंग्जची ओळखच झाली. आजही त्या बोटी चालतात.

पण त्याआधीचं पण सांगायला हवं. पर्यटक यायच्या आधी ही जागा रिकामी नव्हती. इथे सेमिनोल लोक होते. १८३२ मध्ये ओक्लावाहाच्याच काठावर, पेन्स लँडिंग इथे, अमेरिकी सरकारने त्यांच्याशी तह केला. तह कसला, गाशा गुंडाळून मिसिसिपीच्या पलीकडे चालते व्हा, असा तो कागद. सेमिनोल नेता ओसिओलाने तो मानला नाही. २८ डिसेंबर १८३५ ला त्याने इथून काही मैलांवर असलेल्या फोर्ट किंगच्या बाहेर सरकारी एजंट वायली थॉम्प्सनला मारलं. त्याच दिवशी दुसरीकडे सैन्याच्या एका तुकडीवरही सेमिनोलांचा हल्ला झाला, आणि दुसरं सेमिनोल युद्ध पेटलं. सात वर्षं चाललं. संपलं तेव्हा बहुतेक सेमिनोल लोकांना पश्चिमेला हाकलून झालं होतं. या पाण्यातून बाहेर काढलेले हे पहिले. यादी पुढे वाढत जाते.

(इथे रेकॉर्डिंगमध्ये दादाचा आवाज येतो: "हळू, डावीकडे बघ.")

डावीकडे आडव्या पडलेल्या ओंडक्यावर ॲलिगेटर. आठ-नऊ फुटांचा असेल. थंड रक्ताचा प्राणी, त्यामुळे अशा सकाळी तो उन्हाशिवाय कशातच रस घेत नाही. त्याच ओंडक्यावर कासवांची रांग, माना वर करून. वरच्या फांदीवर पंख पसरून वाळत घातलेला ॲनहिंगा. आपला सर्पपक्षी असतो ना, भिगवणला पाण्यातून फक्त सापासारखी मान बाहेर काढून पोहणारा, त्याचाच अमेरिकन भाऊ. वहिनी म्हणाली, "सगळे कपडे वाळत घातल्यासारखे बसलेत." सगळी नदीच ऊन खात होती. आम्हीसुद्धा.

साधारण दीड किलोमीटरवर उजव्या काठाला झाडी जरा वेगळी दिसते. नुसतं बघून काही कळत नाही. या भागात एकेकाळी पॅराडाइज पार्क होतं.

१९२४ पासून सिल्व्हर स्प्रिंग्ज चालवायला घेतलं होतं कार्ल रे आणि शॉर्टी डेव्हिडसन या दोघांनी. डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये आलं, त्याच्या कितीतरी आधी फ्लोरिडात बघायची जागा म्हणजे सिल्व्हर स्प्रिंग्ज. टारझनचे सिनेमे इथे शूट झाले, 'सी हंट' ही मालिका झाली. ब्रूस मोझर्ट नावाच्या फोटोग्राफरने स्वतः बनवलेल्या वॉटरप्रूफ डब्यात कॅमेरा घालून पाण्याखाली चहा पिणाऱ्या, गोल्फ खेळणाऱ्या मॉडेल्सचे फोटो काढले. ते देशभर गाजले. पण हे सगळं गोऱ्यांसाठी. तेव्हा दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते. कृष्णवर्णीय माणसाला इथे पाहुणा म्हणून प्रवेश नाही.

आता गंमत ऐका. गंमत म्हणायची पण लाज वाटते. त्या काचेच्या तळाच्या बोटी चालवणारे बरेच कॅप्टन कृष्णवर्णीयच होते. पिढ्यान्‌पिढ्या. कुठल्या झऱ्याचं तोंड कुठे आहे, कुठल्या कपारीत कुठला मासा बसतो, दुपारी किती वाजता ऊन थेट तळाला लागतं, हे सगळं त्यांना पाठ. गाण्यासारख्या लयीत ते पाहुण्यांना माहिती सांगायचे. नदी त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती, आणि सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन त्याच काठावर यायचं म्हटलं तर दार बंद.

१९४९ मध्ये रे आणि डेव्हिडसन यांनी खालच्या अंगाला कृष्णवर्णीयांसाठी वेगळं पार्क काढलं. तेच हे पॅराडाइज पार्क. ते चालवायला दिलं एडी व्हेरीन या कृष्णवर्णीय माणसाकडे. वाळूचा किनारा, पोहायची जागा, नाचायला मंडप, सापांचे खेळ, आणि त्यांच्या स्वतःच्या काचेच्या तळाच्या बोटी. दक्षिणेत जिथे कृष्णवर्णीयांना समुद्रकिनाऱ्यावरसुद्धा उतरता येत नसे, तिथे हे म्हणजे केवढी मोठी गोष्ट! लांबलांबून चर्चच्या बसेस भरून लोक यायचे. नाताळला सांताक्लॉज बोटीतून यायचा. त्यांच्या बोटीही याच झऱ्यांवरून फिरायच्या. वर गोऱ्यांची बोट, खाली कृष्णवर्णीयांची बोट, दोघांच्या काचेखाली मासा तोच.

हे वाचलं तेव्हा महाड आठवलं नसतं तरच नवल. चवदार तळ्याच्या पाण्यात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ घातली, तोवर तिथे जनावरं पाणी पीत होती, माणसांना बंदी होती. दोन्ही गोष्टी एकसारख्या आहेत असं म्हणत नाहीये मी. इथे काठ वेगळा मिळाला, तिकडे तोही नाही. पण पाणी कोणाचं यावरून माणसं काय काय करतात, ते दोन्हीकडे दिसतं.

१९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आला. कायद्याने भेद संपला, आणि १९६९ मध्ये पॅराडाइज पार्क बंद झालं. इमारती पाडल्या. जंगलाने जागा परत घेतली. आम्ही त्यासमोर पाच मिनिटं वल्ही उचलून नुसते तरंगत राहिलो. दादा पंधरा वर्षं फ्लोरिडात राहतोय, चारदा या नदीवर आलाय, त्याला हे माहीत नव्हतं. "मी इथेच थांबून फोटो काढलेत रे," एवढंच म्हणाला. आज या पार्कमध्ये पोहायची परवानगी कुणालाच नाही. गोऱ्यालाही नाही.

तर, पोहणं. इथून पुढची गोष्ट एका पोहण्याचीच आहे.

वळणावर वहिनी एकदम ओरडली, "अगं बाई, माकडं!" मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच! सायप्रसच्या फांद्यांवर दहा-बारा माकडं, एकमेकांना बिलगून, उन्हाकडे तोंडं करून. लाल तोंडाची. मथुरा-वृंदावनला चष्मे पळवतात ना, तीच जात, ऱ्हीसस मकाक. माथेरान-महाबळेश्वरला आपल्या हातातला मका पळवतं ते बॉनेट मकाक, यांचं भाऊबंद. अमेरिकेच्या जंगलात, ॲलिगेटरच्या डोक्यावर, आपल्याकडची माकडं!

त्याचं असं आहे. १९३० च्या दशकात इथे बोटीतून 'जंगल क्रूझ' चालवणारा एक माणूस होता, कर्नल टूई. हा सैन्यातला कर्नल नाही बरं का, 'कर्नल' हे त्याचं पाळण्यातलं नाव. त्याला वाटलं, जंगल क्रूझ आहे पण जंगलात थरार नाही. म्हणून १९३८ च्या आसपास त्याने अर्धा डझन ऱ्हीसस माकडं आणून नदीतल्या एका बेटावर सोडली. हिशोब सोपा. चारी बाजूंना पाणी, माकडं जातील कुठे?

ऱ्हीसस माकडं उत्तम पोहतात. फार वेळ न घालवता ती काठावर पोचली. टूईने नंतर आणखी काही सोडली. गावात अजून सांगतात की ती टारझनच्या शूटिंगमधून पळाली. १९३९ चा 'टारझन फाइंड्स अ सन' इथे शूट झाला होता हे खरं, पण माकडं टूईची. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला टाकलेला कोड कसा असतो, तसं हे. एकदा गेलं की परत ओढता येत नाही.

आणि या माकडांच्या गोष्टीत भारत पुन्हा येतो. १९५० च्या दशकात पोलिओची लस आली. ती बनवायला ऱ्हीसस माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी लागायच्या. ही माकडं मुख्यतः भारतातून जायची, त्या काळात वर्षाला लाखाच्या वर. रक्तगटातला 'आरएच' आहे ना, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो तो, तोही या ऱ्हीससवरूनच. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली. पुढे १९८४ ते २०१२ या काळात सिल्व्हर रिव्हरवरून सुमारे हजार माकडं पकडून नेली, त्यातली बरीच प्रयोगशाळांना विकली गेली. लोकांना हे कळल्यावर आरडाओरडा झाला, आणि पकडणं थांबलं. २०१५ च्या सुमारास इथे पावणेदोनशे माकडं होती. पुन्हा वाढतायत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत 'हर्पिस बी' विषाणूच्या खुणा सापडल्या आहेत. माकडाला त्याचा फार त्रास नाही, माणसाला चावल्यातून झाला तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे आणली माणसाने, वाढवली माणसाने, विकली माणसाने, आणि आता उपद्रवी कोण, तर माकड.

आता आमच्या घरची भानगड. तो दिवस शनिवार. वहिनीने पिशवीत केळी आणली होती, आमच्या खाण्यासाठी. माकडं बघितल्यावर तिचा हात आपोआप पिशवीत गेला. "मारुतीचा वार आहे, एक तरी देते." दादा म्हणाला, "अगं नको, इथे बंदी आहे." खरंच आहे, फ्लोरिडात २०१८ पासून रानटी माकडांना खायला घालणं बेकायदेशीर आहे. वहिनी चिडली. "आपल्या देशातून आणून सोडायचं, आणि एक केळं द्यायचं नाही?" दादाने मग शास्त्रार्थ काढला. "मारुती वानर. हे माकड. वानर वेगळं, माकड वेगळं." दोघं एकाच कयाकमध्ये, त्यामुळे भांडण सुरू झालं की कयाक गोल फिरायची. एक मोठा नर तेवढ्यात खालच्या फांदीवर आला आणि पिशवीकडे टक लावून बघू लागला. वहिनीने पिशवी पायाखाली सरकवली. जाताना दोनदा मागे वळून बघितलं तिने. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी गप्प वल्हं मारत राहिलो.

अजून मॅनेटीचा पत्ता नव्हता. आता तो किडा काढूया.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. फ्लोरिडा म्हणजे खाली लोंबणारा अंगठा. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचं आखात. जहाजांना अख्खा अंगठा वळसा घालून जावं लागतं. मग मधूनच कालवा खणला तर? ही कल्पना फार जुनी. १९३५ मध्ये महामंदीत लोकांना काम द्यायला म्हणून रुझवेल्ट सरकारने खोदाई सुरू केली. ओकालाजवळचं सँटोस नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव त्यासाठी उठवलं. वर्षभरात पैसे थांबले, काम थांबलं. गाव गेलं ते गेलंच.

१९६४ मध्ये लिंडन जॉन्सनच्या काळात पुन्हा सुरुवात, आता तराफ्यांसाठीचा कालवा. त्याचा रस्ता जाणार होता ओक्लावाहा नदीतून. १९६८ मध्ये ओक्लावाहावर रॉडमन धरण बांधून झालं. धरणाच्या पोटात येणारं जंगल कापायला वेळ नव्हता, म्हणून सुमारे ३०० टनांचं एक राक्षसी यंत्र बनवलं, जे झाडं उपटत नव्हतं, आडवी पाडून चिखलात दाबत होतं. पाणी भरल्यावर ती झाडं एकेक करून वर तरंगायला लागली. धरणाच्या पाण्याखाली अनेक झरेही गेले.

आणि ज्या वाटेने समुद्रातून मॅनेटी येत, बोय मासा येत असे, ती वाट बंद झाली. बोय म्हणजे आपला कोकणातला बोय, तीच जात. समुद्रातून गोड्या पाण्यात चढतो. जुने लोक सांगतात, सिल्व्हर स्प्रिंग्जच्या काचेखाली मोठमोठे थवे दिसायचे. मॅनेटीला आता वर यायचं तर एकच फट उरली आहे, बोटी वर-खाली नेण्यासाठी बांधलेलं बकमन लॉक. त्याची दारं उघडतील तेव्हा आत शिरायचं, मिटताना सापडायचं नाही. काही मॅनेटी त्या दारांत चिरडून मेल्या, मग तिथे सेन्सर बसवले. किनाऱ्यावरचा माणूस ज्या 'मोजक्या' मॅनेटी म्हणाला, त्या या फटीतून आलेल्या.

हा कालवा पूर्ण झाला असता, तर मी ज्या संगमाकडे चाललो होतो तिथून तराफे जात असते. तो थांबवला मार्जरी हॅरिस कार हिने. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, पण स्वतःची ओळख 'मिकानोपीची गृहिणी' अशी करून द्यायची. १९६९ मध्ये तिने आणि सोबत्यांनी 'फ्लोरिडा डिफेंडर्स ऑफ द एन्व्हायर्नमेंट' ही संस्था काढली. शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, वकील जमवले, कालव्याने काय काय बुडेल याचा अहवाल तयार केला, आणि कोर्टात गेले. सरकार म्हणे, नदी सुंदर आहे हे भावनेचं बोलणं झालं. यांनी भावना बाजूला ठेवून आकडे ठेवले. १५ जानेवारी १९७१ ला कोर्टाने काम रोखलं, आणि चारच दिवसांनी, १९ जानेवारीला, राष्ट्राध्यक्ष निक्सनने कालवाच थांबवला. सुमारे एक तृतीयांश काम झालेलं होतं. कालव्यासाठी घेतलेल्या जमिनीच्या पट्ट्यात आज सायकलींच्या वाटा आहेत, आणि त्या पट्ट्याला नाव आहे मार्जरी कारचं.

इथे टाळ्या वाजवून एपिसोड संपवायचा मोह होतो. पण धरण? ते उभंच आहे. कुठेही न जाणाऱ्या कालव्याचं धरण. १९९७ मध्ये कार वारली तोवर ती ते पाडा म्हणत होती. का पाडत नाहीत? कारण पन्नास वर्षांत त्या तलावात बास मासा वाढला, गळ टाकणारे आले, त्यांच्या जिवावर दुकानं आली, मोटेल आले. त्यांचंही पोट आहे. २०२५ मध्ये नदी मोकळी करण्याच्या आराखड्यासाठी विधिमंडळाने पैसे मंजूर केले, आणि राज्यपालांनी ती तरतूद व्हेटो केली.

शिवाय, वाट उघडली तरी येणाऱ्या मॅनेटीला काय मिळेल हाही प्रश्न आहेच. उगमापाशी मी तुम्हाला 'नितळ' म्हणालो ना, ते अर्धं खरं. खाली येता येता गवताच्या पात्यांवर तपकिरी शेवाळाचं पांघरूण दिसायला लागलं. शेतांतली, घोड्यांच्या फार्मवरची, हिरवळींवरची खतं, घरांच्या सेप्टिक टाक्या, हे सगळं चुनखडीतून झिरपून झऱ्यातून वर येतं. नायट्रेट लिटरला ०.३५ मिलिग्रॅमच्या आत असावं असं उद्दिष्ट आहे, इथे ते त्याच्या तिप्पट-चौपट आहे. आणि झऱ्यातून येणारं पाणीही पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय. वरच्या जमिनीत कुणी काय टाकतं आणि बोअरने किती उपसतं, ते खाली काचेतून दिसतं.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही संगमाला पोचलो. तिथे एक गोष्ट बघायला मिळते. सिल्व्हर रिव्हर काचेसारखी, आणि ओक्लावाहा कोऱ्या चहासारखी, दलदलीतल्या पानांचा रंग उतरलेली. दोन्ही पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतं, मध्ये रेघ मारल्यासारखी. दादा म्हणाला, "हात घाल." मी रेघेच्या अलीकडे हात घातला, कोमट. मग कयाक थोडी पुढे ढकलून पलीकडे घातला. बर्फ! इतकं गार, की पटकन हात काढून जॅकेटमध्ये खुपसला.

म्हणजे एखादी मॅनेटी वर येत असेल, तर तिला अशा गार, काळ्या पाण्यातून मैलोन् मैल यायचंय, लॉकच्या दाराशी वाट बघायचीय, आणि मग या रेघेपाशी पोचायचंय. आम्ही अर्धा तास रेघेवरच थांबलो. एक पाणकावळा बुड्या मारत होता. दोनदा पाण्यावर गोल वलय उठलं आणि आम्ही तिघांनीही श्वास धरला. दोन्ही वेळा कासव.

किनाऱ्याला लागल्यावर गाडीचा हीटर फुल लावून आम्ही तिघांनी ती केळी खाल्ली. एक उरलं. ते वहिनीने कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं, आणि कशासाठी, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.